दोन ट्यूब, एक गळ

भोकरच्या बाजारात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात दोन ट्यूबची ती जोडी मिळते. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. तडकलेली टाकी, आरशाची सुटलेली कड, तुटलेली मूठ, गळका पाइप, असल्या कामासाठी माणसं ती नेतात आणि उरलेली ट्यूब कपाटाच्या कोपऱ्यात वाळून जाते. मासा धरण्याशी तिचा काही संबंध असेल, असं दुकानदाराच्या किंवा गिऱ्हाइकाच्या मनातही येत नाही. पण गळाच्या मासेमारीतली एक जुनी अडचण याच दोन ट्यूबमधल्या रसायनानं सोडवली. पाण्यात काचेसारखा आरपार दिसेल आणि माशाच्या दातांनी फाटणार नाही, असा खोटा मासा गळावर कसा उभा करायचा, ही ती अडचण.

गळावर दोऱ्यानं पिसं, केस, लोकर, जर बांधून केलेल्या खोट्या भक्ष्याला जगभर फ्लाय म्हणतात. सुरुवात झाली पाण्यावर उडणाऱ्या किड्यांच्या नकलेपासून. आज झिंगा, बेडूक, चिल्लर मासळी, सगळ्यांच्या फ्लाय बांधल्या जातात. शिशाचं वजन लावून भिरकावायच्या गळापेक्षा हे तंत्र निराळं आहे. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. जाड, वजनदार दोरी हवेत झुलवून सोडतात आणि तिच्या जोरावर फ्लाय दूर जाते. त्यामुळे फ्लाय हलकी हवी, मजबूत हवी आणि पाण्यात जिवंत दिसायला हवी. या तिन्ही गोष्टी एका वस्तूत आणणं हेच बांधणाऱ्याचं कसब.

मराठवाड्यात या छंदाची परंपरा नाही. महाराष्ट्रात छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांचं जुनं ठिकाण मुंबईचा पवई तलाव. तिथं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन कित्येक दशकं काम करते आहे, पण तिथलीही मुख्य रीत आमिषाची. आपल्याकडे गोदावरीवर, पैनगंगेवर, सुधेवर मासे धरतात ते भोई समाजाचे लोक, पोटासाठी, जाळ्यानं. तरीही हा विषय भोकरमध्ये बसून लिहावासा वाटतो. फ्लाय बांधायला जे लागतं ते जवळपास सगळं तालुक्याच्या बाजारात मिळतं. जे मिळत नाही ते नदीकाठी जाऊन बघावं लागतं, आणि ते बघण्याची आज फार गरज आहे.

कल्याणीच्या राजाचा मत्स्यविनोद

गळ टाकणं हा साहेबांनी आणलेला शौक, अशी एक समजूत आहे. ती पुरती खोटी पाडणारा ग्रंथ आपल्याच मुलखातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा 1126 च्या सुमारास गादीवर आला. त्याची कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याला खेटून असलेलं आजचं बसवकल्याण. नांदेड, लातूरचा हा सगळा टापू त्या राज्यात होता. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं त्याच काळाची खूण आहेत. सोमेश्वरानं 1130 च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, स्वयंपाक, संगीत, हत्ती, घोडे, खेळ, असं राजानं जाणावं ते सारं त्यात आलं. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक भाग आहे. कोणते मासे कुठल्या पाण्यात राहतात, कुठल्या माशाला काय खाऊ घालून एका जागी जमवावं, दांडी कशी हवी, दोरी कशी हवी, मासा लागल्यावर काय करावं, याची तपशीलवार चर्चा त्यात आहे. सुंदरलाल होरा या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951 साली या भागावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा तो शास्त्रज्ञांच्या नजरेत आला.

सोमेश्वराच्या पद्धतीत मासा खाण्याला भुलतो. फ्लायच्या पद्धतीत तो दिसण्याला भुलतो. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियाच्या नदीवर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधणाऱ्या लोकांचं वर्णन केलं आहे. पुढची कित्येक शतकं साहित्य तेच राहिलं: लोकर, पीस, केस, रेशीम. डोक्याकडची शेवटची गाठ सुटू नये म्हणून वर वार्निशचा थेंब.

या साहित्यात किडा छान जमतो, छोटा मासा जमत नाही. चिल्लर मासळी उन्हात धरून बघा. पाठीवर हिरवट रेघ, बाजूला चांदीची झाक, पोटाची पिशवी चकाकते आणि बाकी अंगातून पलीकडचं बोट दिसतं. पिसाला हा आरपारपणा नाही. शिवाय दातांचा मासा पिसाची फ्लाय दोन-चार चाव्यांत विस्कटून टाकतो.

कवळीच्या कारखान्यातून

त्या दोन ट्यूबमधल्या रसायनाचा, म्हणजे इपॉक्सीचा, शोध मासेमारीसाठी लागला नाही आणि चिकटवण्यासाठीही लागला नाही. पिएर कास्तां हा स्विस रसायनशास्त्रज्ञ झुरिकच्या दे त्रे या दंतसाहित्याच्या कंपनीत काम करत होता. त्याला कवळीसाठी असा पदार्थ हवा होता, जो साच्यात ओतता येईल आणि घट्ट होताना आकसणार नाही. 1930 च्या दशकात त्याला तो सापडला. दंतवैद्यकात तो फारसा चालला नाही. हक्क बाझलच्या सिबा कंपनीकडे गेले. 1946 साली सिबानं तो डिंक म्हणून बाजारात आणला आणि नाव दिलं अ‍ॅराल्डाइट. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंग-वार्निशच्या कारखान्यात याच रसायनावर काम करत होता. विमानाचे भाग जोडणं, विजेच्या गुंडाळ्या बंद करणं, फरशी, जहाज, सगळीकडे ते पसरलं. भारतातला अ‍ॅराल्डाइटचा व्यवसाय 2020 साली फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइट कंपनीनं विकत घेतला. आपल्या ओळखीचं एम-सील हे याच कुळातलं, मळून लावायचं भावंड.

फ्लायवर इपॉक्सीचं मोठं काम केलं ते अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बॉब पोपोव्हिक्स यांनी. तिथल्या समुद्रात ब्लूफिश नावाचा करवतीच्या दातांचा मासा येतो आणि बांधलेल्या फ्लायच्या चिंध्या करतो. 1970 च्या दशकात पोपोव्हिक्स यांनी केसांच्या धडावर इपॉक्सीचा थर चढवायला सुरुवात केली. फ्लाय टिकली हा एक फायदा. केसांवर चढलेला तो थर हुबेहूब माशाच्या काचेरी अंगासारखा दिसला हा दुसरा, आणि मोठा. सर्फ कँडी या नावानं ती रचना जगभर गेली. पुढे अशा फ्लायचं एक कुटुंबच तयार झालं.

ब्लूफिश आपल्याकडे नाही, पण मरळ आहे. मरळीच्या जबड्यातले दात ज्याच्या बोटाला लागले त्याला ते सांगावे लागत नाहीत. तळ्यात, पाणवेलींच्या कडेला, धरणाच्या उथळ भागात ती दबा धरून बसते आणि बेडूक, झिंगा, चिल्लर मासळी, जे समोरून जाईल त्यावर झेपावते. इपॉक्सीची मासोळी बांधायची तर मराठवाड्यात ती मरळीसाठीच.

मापाची शिस्त

इपॉक्सीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की हार्डनर म्हणजे विरजण. चमचाभर विरजण लावलं तर पातेलंभर दूध विरजतं; कमी-जास्त झालं तरी दही होतंच. इथं तसं चालत नाही. रेझिनच्या लांब रेणूच्या दोन्ही टोकांना एक ताणलेली कडी असते. हार्डनरचा रेणू ती कडी उघडतो आणि स्वतः तिथं जोडला जातो. असं करत करत सगळ्या रेणूंची मिळून एक जाळी विणली जाते. प्रत्येक कडीला तिचा जोडीदार मोजून मिळाला पाहिजे. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला, तर जोडीदार न मिळालेला हार्डनर तसाच आत राहतो आणि थर चिकट किंवा मऊ राहतो. कमी घातला, तर रेझिन उरतं. दोन्ही चुकांना नंतर औषध नाही. पूर्ण थर खरवडून काढावा लागतो, म्हणजे फ्लाय गेलीच.

म्हणून नजरेवर विसंबू नये. ज्या जोडीवर सारखं माप सांगितलेलं असतं, तिच्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत बाजूवर दोन सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या रेघा ओढाव्यात. त्याहून चांगलं म्हणजे औषधाच्या दुकानातून सुईशिवायच्या दोन छोट्या सिरिंज घ्याव्यात, एक रेझिनची, एक हार्डनरची, आणि त्यांची कधी अदलाबदल करू नये. दात कोरायच्या काडीनं किंवा चपट्या काडीनं सावकाश, कडा खरवडत, मिनिटभर कालवावं. फेटू नये, फेटलं की हवा शिरते आणि तयार फ्लायच्या अंगात बुडबुडे गोठून बसतात. मिश्रण वाटीत गोळा करून ठेवू नये. दोन्ही एकत्र आले की उष्णता निर्माण होते, गोळ्यात ती अडकते, त्या उष्णतेनं क्रिया आणखी वेगानं होते आणि हातातला वेळ संपतो. पत्रिकेवर पातळ पसरलं तर तेच मिश्रण जास्त वेळ कामाचं राहतं.

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. पाच मिनिटांत घट्ट होणारी, आणि तास-दीड तास कामाला देऊन रात्रभरात पक्की होणारी. पाच मिनिटांच्या बऱ्याच जोड्यांमध्ये गंधकयुक्त हार्डनर असतो; ट्यूब उघडल्यावर येणारा तो उग्र वास त्याचाच. ही घाईची तऱ्हा उन्हात लवकर पिवळी पडते. सावकाश घट्ट होणारी सहसा जास्त चिवट निघते. रोजच्या जोडकामाची जी साधी, मधासारख्या रंगाची जोडी असते ती पाठीच्या गडद भागाला चालते; पोट पारदर्शक हवं असेल तर डब्यावर पारदर्शक लिहिलेली जोडीच घ्यावी.

एक फ्लाय, पहिल्या गाठीपासून

छोट्या व्हाइसमध्ये लांब दांड्याचा, न गंजणारा गळ पकडायचा. दांड्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, कारण गुळगुळीत धातूवर काहीही बांधलं तरी फिरतं. पोटासाठी पांढऱ्या कृत्रिम केसांची विरळ झुलपी, वर पाठीसाठी हिरवट किंवा करड्या केसांची. दोन्हींच्या मध्ये जरीचे तीन-चार धागे. लेस-जरीच्या दुकानात मिळणारी चंदेरी जर या कामाला अगदी योग्य. कृत्रिम केस नसतील तर बोकडाचे धुतलेले पांढरे केस चालतात. झुलपी जाड करायचा मोह आवरावा. मासा जाड दिसतो तो थरामुळे दिसला पाहिजे, केसांमुळे नाही.

आता पहिला थर. काडीच्या टोकावर थेंब घेऊन डोक्यापासून मागे, दांड्याच्या अर्ध्यापर्यंत ओढायचा. केस इपॉक्सीनं ओले होताच आरपार दिसू लागतात आणि आतली जर उजळते. सगळा खेळ या क्षणाचा आहे. बोटांनी दाबून नाही, काडीनं दोन्ही बाजूंनी सपाट करून माशाचा चपटेपणा द्यायचा. शेपटीकडचे केस मोकळे सोडायचे. पाण्यात तेच हलणार. गळाचं टोक आणि दांडा यांमधली जागा भरू द्यायची नाही. ती भरली तर मासा गळ तोंडात घेईल, पण तो लागणार नाही.

थर थोडा घट्ट झाला की दोन्ही बाजूंना डोळे चिकटवायचे. ब्लाउज-घागऱ्याला लावायच्या टिकल्यांतली सगळ्यात लहान टिकली, मध्ये काळा ठिपका, एवढं पुरतं. डोळा आवश्यक आहे. झेपावणारा मासा बहुतेक वेळा भक्ष्याच्या डोक्याचा अंदाज घेऊनच येतो. डोळ्यांवरून दुसरा पातळ थर, म्हणजे ते निघणार नाहीत आणि डोकं गोलाईत येईल.

थर घट्ट होईपर्यंत फ्लाय फिरती ठेवावी लागते. एका जागी ठेवली तर सगळी इपॉक्सी खाली ओघळून पोटाखाली लोंबते. परदेशात यासाठी खास चाकं मिळतात. आपल्याकडे बिघडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या थाळीची मोटर भंगारवाल्याकडे मिळते. ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, या कामाला नेमकी तेवढीच गती हवी. तिच्या दांड्यावर थर्माकोलचा गोल बसवला की त्याच्या कडेला फ्लाय टोचून ठेवता येतात. अशा बऱ्याच मोटर थेट घरच्या विजेवर चालतात, म्हणून जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी.

भोकरचं ऊन, भोकरचा पाऊस

डब्यावरची वेळ साधारण पंचवीस अंश तापमान धरून लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. दहा अंश वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणजे पाच मिनिटांची इपॉक्सी भर उन्हाळ्याच्या दुपारी दोन मिनिटांच्या आत-बाहेरच हात सोडते. उन्हाळ्यात काम पहाटे करावं, सावकाश घट्ट होणारी जोडी वापरावी आणि एका वेळी एक-दोन फ्लायपुरतंच मिश्रण करावं. डिसेंबरच्या थंडीत उलटं होतं. रेझिन घट्ट होतं, ट्यूबमधून निघत नाही, नीट कालवलं जात नाही आणि बुडबुडे अडकतात. बंद ट्यूब कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवली की ते वाहतं होतं.

पावसाळ्याचा त्रास वेगळाच. अमाइन जातीचा हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळतो आणि थरावर मेणचट, धुरकट साय येते. वर दुसरा थर दिला तर तो नीट धरत नाही. पहिला थर पक्का झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्यानं धुवून, कोरडा करून मगच पुढचा थर द्यावा. श्रावणात बंद खोलीत, चाळीस वॉटच्या जुन्या बल्बच्या उबेला फ्लाय ठेवल्या तर ही साय बरीच टळते.

आणि हात. कच्ची इपॉक्सी कातडीला लागू देऊ नये. काहींच्या शरीराला तिची अ‍ॅलर्जी जडते, आणि एकदा जडली की जन्मभर राहते. मग नुसत्या स्पर्शानंही खाज, पुरळ, फोड येतात. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, हाताला लागलंच तर लगेच साबणानं धुवावं. थिनर किंवा अ‍ॅसिटोननं हात पुसू नयेत. त्यानं रसायन कातडीत आणखी खोल जातं. घट्ट झालेला थर घासायचा असेल तर तोंडावर मास्क हवा. घरात लहान मुलं असतील तर ट्यूब कुलपात.

अलीकडे खास दिव्याच्या अतिनील किरणांनी काही सेकंदांत घट्ट होणारं रेझिन आलं आहे आणि जगभरच्या अनेक बांधणाऱ्यांनी इपॉक्सी सोडून तेच धरलं आहे. दातांच्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली भरतात ते सिमेंट याच जातीचं. कवळीपासून निघालेली ही गोष्ट असा वळसा घेऊन दंतवैद्याकडेच आली. त्यात कालवणं नाही, फिरवणं नाही. पण दिवा लागतो, खर्च जास्त येतो आणि जाड थर आतून कच्चा राहू शकतो. ज्याला शिकायचंय त्यानं दोन ट्यूबपासूनच सुरुवात करावी, असं मी आग्रहानं सांगेन. मापाची, तापमानाची, थांबण्याची सवय त्यातून लागते.

जे पीस घ्यायचं नाही

फ्लायच्या इतिहासात आपल्या सह्याद्रीचं एक देणं आहे, आणि ते आठवून वाईट वाटावं असं आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणासारखा चकचकीत, पिवळट-पांढरा ठिपका असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी बांधलेल्या नटव्या फ्लायवर ते पीस डोळा म्हणून बसवायची पद्धत पडली. दक्षिण भारतातून ही पिसं बाहेर गेली आणि त्यासाठी पक्षी मारले गेले. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्याला संरक्षण आहे. त्याची शिकार किंवा पिसांचा व्यापार हा गुन्हा आहे. परदेशात बंदिस्त वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात, किंवा कृत्रिम.

या पिसाचा गुण म्हणजे तो टणक, चकाकता ठिपका. तोच गुण टिकलीवर इपॉक्सीचा थेंब सोडून मिळतो, आणि जास्त टिकतो. खऱ्या पिसाचा ठिपका उभा चिरतो, त्याला वार्निशनं डागडुजी करावी लागते. हार्डवेअरच्या दुकानातली ट्यूब एका पक्ष्याचं मरण अनावश्यक ठरवते, ही मला या साऱ्या विषयातली सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते.

नक्कल कुणाची करायची?

इथवरचं सगळं बाजारात मिळतं. आता प्रश्न उरतो तो आकाराचा आणि रंगाचा. अमेरिकेतली मासोळी बघून बांधलेली फ्लाय सुधेच्या पाण्यात परकीच दिसणार. इथली मरळ काय खाते ते इथंच बघावं लागतं.

भोकर तालुक्यात रेणापूरजवळ सुधा प्रकल्प आहे. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर पुढे गेलं की पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. या पाण्यांत सरकारी नोंदीचं माप असतं ते रोहू, कटला, मृगळाच्या बीजाचं. तेच सोडतात, तेच विकतात. चिलापी न सोडताही माजली आहे. बोटाएवढ्या मासळीची मात्र तिथं नोंद नसते. बाजारात ती ढिगानं, एका नावाखाली जाते. उपसा, वाळू, सांडपाणी, कोरडे उन्हाळे, यात कुठल्या जातीचं काय झालं हे सांगायला कागद नाही.

ते काम दोनशे वर्षांपूर्वी एका माणसानं या दख्खनमध्येच करून दाखवलं आहे. कर्नल विल्यम साइक्स हे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होते. त्यांनी नद्यांतले मासे बघितले, चितारले आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. खुदरी महासीर हा मासा त्यांनीच मुळा-मुठेतून जगापुढे आणला. पण त्यांनी मोठ्या माशांवर थांबायचं नाकारलं. बालुकी, अळकुट यांसारख्या चिमुकल्या मासळीचीही वर्णनं केली, आणि शास्त्रीय नावांत कोळ्या-भोयांच्या तोंडची नावं ठेवली. पुढे महासीर वाचवण्यासाठी लोणावळ्याला वळवण इथं टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकापासून बीजनिर्मिती केली. तिथलं बीज कावेरीतही सोडलं गेलं आणि तिथला मूळचा कुबडा महासीर मागे पडला. कुठल्या पाण्यात मूळचं काय होतं हे नीट माहीत असण्याची किंमत त्यावरून कळते.

फ्लाय बांधणाऱ्याला हे बघणं चुकवता येत नाही. पाठीची रेघ हिरवी की करडी, डोळा अंगाच्या मानानं केवढा, पोटाची चकाकी कुठं संपते, जूनमध्ये केवढी, ऑक्टोबरमध्ये केवढी, हे त्याला वहीत उतरवावंच लागतं. भोकर, किनवट, देगलूरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी हे करावं, असं मला मनापासून वाटतं. इपॉक्सीत त्यांचा रसायनशास्त्राचा धडा आहे, मासळीत प्राणिशास्त्राचा, आणि वहीत त्यांच्या नदीची पहिली नोंद.

काठावर जाताना मात्र रीत पाळावी. जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असते; त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. मासळीची नावंही तिथल्या मामा-काकांकडूनच घ्यावीत, ती त्यांच्याइतकी कुणाला येत नाहीत. गळाच्या टोकाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाकावा, म्हणजे मासा कमी दुखापतीनं सोडता येतो. तुटलेली फ्लाय, दोरी पाण्यात सोडू नये. घट्ट झालेली इपॉक्सी कुजत नाही. आणि पावसाळ्यात मरळ जोडी पिल्लांच्या लालसर थव्याभोवती राखण करते, तेव्हा तिच्यावर गळ टाकू नये. त्या वेळी ती भुकेपोटी झेपावत नाही, पिल्लं वाचवायला झेपावते. ती गेली तर थवा तासाभरात दुसऱ्यांच्या पोटात जातो.

पहिली फ्लाय कशी बांधावी असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर असं: आधी सुधेच्या उथळ पाण्यातली चिल्लर मासळी काचेच्या बरणीत घ्या, चारही बाजूंनी तिचं चित्र काढा, माप लिहा, स्थानिक नाव लिहा आणि तिला परत सोडा. मग दोन ट्यूब उघडा.